शेडची किल्ली आणि अर्धवट देव्हारा

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावातून एकसष्ट वर्षांच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांनी पस्तीस वर्षे फर्निचरचा व्यवसाय केला. पुढे मुलाने तो मॉड्युलर कामाकडे वळवला आणि घरामागची जुनी शेड रिकामी राहिली. तीन वर्षांपूर्वी त्या शेडमध्ये, व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या तरुणांना सकाळच्या वेळी विनामूल्य सुतारकाम शिकवायला त्यांनी सुरुवात केली. सध्या शिकत असलेले तिघे सोडले तर आतापर्यंत चौदा जण आले. दोघे आज सुतारकामावर पोट भरतात, सहा जण दुसऱ्या कामांना लागले, पाच जण मध्येच सोडून गेले. चौदावा सव्वीस वर्षांचा, सगळ्यांत चांगला हात असलेला. नऊ महिने त्याने दारूला स्पर्श केला नव्हता, म्हणून वाचकांनी त्याच्याकडे शेडची किल्ली दिली. दिवाळीनंतर तो पुन्हा प्यायला आणि शेडमधली सुमारे अठरा हजार रुपयांची दोन यंत्रे त्याने विकून टाकली. महिन्याभराने तो आईला घेऊन दारात आला, पाया पडला आणि ‘पुन्हा शिकायला येऊ द्या’ म्हणाला. पत्नीचा त्याला शेडमध्ये घ्यायला ठाम विरोध आहे, मुलगा म्हणतो की शेडच बंद करा. त्या मुलाने करायला घेतलेला एक देव्हारा तसाच अर्धवट पडून आहे. वाचक विचारतात : त्याला परत घ्यावे का? शेड चालू ठेवावी का? आणि ‘लाकूडकामाने माणूस सुधारतो हा माझा समज खोटा ठरला का?’

नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे दोन्ही प्रश्न त्याच्याच पोटात आहेत. त्या वाक्यातील ‘सुधारतो’ या शब्दापाशी मी अडखळले. तुम्ही आयुष्यभर लाकडावर हात चालवला आहे. वाकलेली फळी रंध्याखाली सरळ करणे, गाठ आली की तिला टाळून काप घेणे हे तुमच्या अंगवळणी पडलेले आहे. त्यामुळे असेल, पण तुमच्या पत्रात माणूसही नकळत फळीसारखा आला आहे. ‘वाळवी लागलेल्या लाकडावर कितीही रंधा मारला तरी काय उपयोग’ असे तुम्ही लिहिता, आणि पुढच्याच परिच्छेदात टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण येते. दोन्ही ठिकाणी घाव घालणारा एक आहे आणि सोसणारा दुसरा. तुमच्या शेडमध्ये मात्र तसे काही घडत नव्हते. तेथे करवत आणि पटाशी त्या मुलांच्या हातात होती, आणि तुम्ही शेजारी उभे राहून ती कशी धरायची एवढे सांगत होता. मी हा फरक धरून बसते आहे, कारण फळी वाकडी राहिली तर तो सुताराचा दोष असतो. माणूस पुन्हा प्यायला तर तो त्याच्या शिक्षकाचा दोष नसतो. हा दोष तुम्ही गेले दोन महिने स्वतःकडे घेऊन बसला आहात.

आता तुमचा हिशेब पाहू. सुतारकाम करणाऱ्या दोघांविषयी तुम्ही पानभर लिहिले आहे, आणि ‘बाकीचे सहा जण इकडेतिकडे लागले’ अशी त्या सहा जणांची बोळवण अर्ध्या ओळीत केली आहे. पुढे कंसात दिलेली माहिती मी पुन्हा वाचली : एक जण दूध संकलन केंद्रावर, दोघे गॅरेजमध्ये, एक पिठाच्या गिरणीत, दोघे शेतीवर. म्हणजे ज्यांच्या घरच्यांनी कधीकाळी आशा सोडली होती, असे सहा जण आज रोज सकाळी वेळेवर उठून कामावर जातात, आणि तुमच्या खात्यावर मात्र ते नापास म्हणून जमा आहेत, केवळ ते सुतार झाले नाहीत म्हणून. तुम्हाला शिष्य हवे होते हे मी समजू शकते. मुलाने हत्यारे खाली ठेवून यंत्रांचा रस्ता धरल्यावर कोणत्याही कारागिराला ते वाटेल. पण ही इच्छा वेगळी आणि त्या मुलांची गरज वेगळी. दोन्ही एकाच मापाने मोजल्यामुळे तुमचे गणित चुकले आहे.

लाकूडकामाने त्यांना नेमके काय दिले असेल, याविषयी मी थोडे सविस्तर लिहिते, कारण असे वर्ग सुरू करू पाहणारे आणखीही काही वाचक आहेत आणि ‘हाताला काम मिळाले की डोके ठिकाणावर येते’ एवढ्याच समजुतीवर ते पुढे निघतात. दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत झोप मोडलेली असते, हाताला कंप असतो, एका गोष्टीवर लक्ष टिकत नाही आणि दिवस फार मोठा झालेला असतो. आधी तो दिवस पैसे मिळवणे, पिणे आणि लपवणे यांत संपत असे. आता तो रिकामा पडलेला असतो. घरची माणसे प्रेमानेच, पण सतत पहारा देत असतात. कोणी श्वासाचा वास घेतो, कोणी खिसे तपासतो. अशा माणसाला सकाळी आठ वाजता एका ठिकाणी पोहोचायचे असते, आणि तेथे त्याच्या चारित्र्याविषयी कोणी बोलत नाही, चौकटीविषयी बोलतात. चौकट काटकोनात बसली आहे की नाही हे पाहायला दोन्ही कर्ण मोजायचे; ते सारखे आले तर बसली, नाही आले तर कोठे चुकले ते शोधायचे. चूक दिसते, तिचे कारण सापडते आणि ती पुष्कळदा दुरुस्तही होते. ज्याच्या आयुष्यातील प्रत्येक चुकीला कित्येक वर्षे फक्त ‘बेवडा’ हे एकच स्पष्टीकरण मिळत आले, त्याला हा अनुभव नवीन असतो.

आणि वस्तू घरी जाते. तुम्ही लिहिले आहे की पहिल्या पंधरवड्यात प्रत्येकाकडून एक पोळपाट करून घेता आणि तो त्याच्या घरी पाठवता. तुम्हाला कदाचित कल्पना नसेल, पण तुमच्या साऱ्या अभ्यासक्रमातील सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट मला ही वाटली. ज्या घरातून एकेक भांडे विकले गेले, त्या घरात त्याच माणसाच्या हातून एक वस्तू आली, आणि ती रोज दोन वेळा वापरली जाते.

असे असले तरी केवळ हस्तकौशल्याने कोणाचे आयुष्य उभे राहिल्याचे उदाहरण माझ्या माहितीत नाही. महाराष्ट्रात या वाटेवर मोठी माणसे चालून गेली आहेत आणि त्यांच्या कामात नेमके हेच दिसते. बाबा आमटे यांनी १९५०च्या सुमारास वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, तेव्हा कुष्ठरोग्याच्या हाताला काम देणे हा त्याचा पाया होता. पण त्या कामाच्या शेजारी औषधोपचार होता, राहायला घर होते, जेवायला पंगत होती आणि पुढे संसारही होते. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे संस्थापक डॉ. अनिल अवचट स्वतः लाकूड कोरत असत आणि त्यात रमत असत, तरी मुक्तांगणाचा भर राहिला तो उपचार, समूहातील बोलणे, कुटुंबाचा सहभाग आणि बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा यांवर. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३पासून शाळा अर्धवट सोडलेल्या मुलांना हाताने काम करत शिकवले, तेव्हा गावाला खरोखर लागणाऱ्या वस्तू व सेवा हाच अभ्यासक्रम ठेवला. येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहांत सुतारकामाचे कारखाने वर्षानुवर्षे चालू आहेत. तेथून उत्तम हात तयार होऊन बाहेर पडतात, आणि गावात आल्यावर त्यांना घरात काम करायला कोण बोलावतो, हा प्रश्न कारखान्याच्या भिंतीबाहेर तसाच उभा असतो. तुमच्या शेडला मात्र उपचाराचा, समूहाचा आणि पाठपुराव्याचा शेजार नव्हता. सगळे तुम्ही एकट्याने सांभाळत होता, आणि ते एकट्याचे काम नाही.

आता किल्लीविषयी. तुम्ही लिहिता, ‘मी विश्वास टाकला आणि त्याने तो मोडला.’ मला वाटते, येथे विश्वास आणि परीक्षा या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. नऊ महिने कोरडा राहिलेल्या तरुणाला सगळ्यांच्या देखत एका महत्त्वाच्या कामाची जबाबदारी देणे हा विश्वास झाला. विकून रोख पैसे करता येतील अशा वस्तूंच्या सहवासात त्याला एकटे सोडणे, तेही दिवाळीच्या दिवसांत, जेव्हा गावात हातोहाती बाटल्या फिरत असतात, ही परीक्षा झाली; आणि ती कशाची परीक्षा आहे हे त्यालाही माहीत नव्हते. व्यसन हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे आणि त्यात पुन्हा घसरणे ही असामान्य गोष्ट नाही. उपचार करणारे लोक ही शक्यता गृहीत धरूनच योजना आखतात. मधुमेह्याच्या घरी पेढ्यांचा पुडा ठेवायला देऊन आपण त्याच्यावर विश्वास दाखवला, असे आपण म्हणत नाही. चोरी ही चोरीच आहे आणि तिची जबाबदारी त्याची आहे, याबाबत माझ्या मनात शंका नाही. पण किल्ली देण्याचा निर्णय तुमचा होता, आणि तो त्याच्या गरजेपेक्षा तुमच्या इच्छेतून आला असावा असे मला पत्र वाचताना जाणवले. धाकटा भाऊ दारूने गेल्याचा उल्लेख तुमच्या पत्रात एका ओळीत येतो आणि पुन्हा कोठेच येत नाही. त्या मुलाकडे पाहताना तुम्हाला तो दिसत होता का, याचे उत्तर मला कळवू नका. स्वतःशी मात्र द्या.

पत्रातील आणखी एका तपशिलावर माझी नजर खिळली आणि त्याविषयी तुम्ही काहीच विचारलेले नाही. शेवटचे दोन महिने तुम्ही त्या मुलाला पॉलिशचे काम दिले होते, ‘कारण त्यात त्याचा हात विशेष चांगला’. लाखेचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी. ज्याने दारू सोडली आहे तो तरुण रोज दोन-तीन तास, अर्धवट बंद शेडमध्ये, अल्कोहोलच्या वाफेत उभा होता. त्यामुळेच तो घसरला असे मी म्हणणार नाही. तसे कोणीच सांगू शकणार नाही. पण तो वास पिण्याची ओढ जागी करू शकतो, आणि दारू सोडण्यासाठी काहींना डायसल्फिराम हे, दारू पोटात गेल्यास त्रास देणारे औषध दिलेले असते, त्यांना अशा वाफेनेही त्रास होण्याचा धोका असतो. पॉलिशच्या स्पिरिटमध्ये मुद्दाम विष मिसळलेले असते आणि ओढीच्या क्षणी ते पिऊन माणसे आंधळी झाली आहेत, मेली आहेत. थिनर आणि काही चिकटवणारे पदार्थ हुंगण्याची नशा करणारे तरुणही अशा केंद्रांत येतात. तेव्हा स्पिरिट, थिनर आणि तसले डिंक या वर्गातून पूर्णपणे हद्दपार करा. पोळपाट, पाट, चौरंग, खेळणी यांना जवसाचे तेल आणि मधमाशीचे मेण पुरते; चिकटवायला पाण्यात मिसळणारा पांढरा डिंक पुरतो. फक्त जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

याच ओघात यंत्रांविषयीही सांगते. नव्याने दारू सोडलेल्याच्या हाताला कंप असतो, पहिल्या काही दिवसांत झटके येण्याची भीती असते, शिवाय झोपेची किंवा सुस्ती आणणारी औषधे चालू असू शकतात. अशा माणसाला चक्री करवतीपुढे उभे करू नये. डॉक्टरांनी लेखी होकार दिल्याशिवाय फक्त हातहत्यारे द्यावीत, आणि तेथेही पटाशीच्या धारेपुढे दुसरा हात कधीही येणार नाही हा नियम पहिल्या दिवशीच शिकवावा, हे तुम्हाला सांगायला नको. धुळीचा मात्र आपले जुने कारागीर विचारच करत नाहीत. लाकडाची बारीक धूळ हे कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने नोंदवलेले आहे. काचकागद घासताना मुलांच्या तोंडावर चांगला मास्क असावा, तुमच्याही.

आता त्या मुलाला परत घ्यावे का? याचे उत्तर आज ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देण्याची गरज नाही, आणि पाया पडलेल्या माणसापुढे तर मुळीच देऊ नये. त्याने पहिल्यांदा उपचाराकडे परत जावे. ज्या केंद्रातून तो आला तेथे, किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे. केंद्र सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही चौकशीला उपयोगी पडतो. उपचार करणाऱ्यांनी तो कामासाठी तयार आहे असे सांगितल्यावर तुम्ही बोलणे सुरू करावे. अठरा हजारांची भरपाई त्याने करायची आहे, पण ती त्याच्या स्वतःच्या कमाईतून, लिहून ठेवलेल्या हप्त्यांनी. आईने मंगळसूत्र मोडून पैसे आणले तर ते परत पाठवा. तसेच ‘फुकट राबून फेडतो’ असे तो म्हणाला तर मान्य करू नका. किती दिवस, कोणत्या दराने हे न ठरवता घेतलेले श्रम वेठबिगारीकडे झुकतात, आणि उपकाराच्या ओझ्याखाली माणूस पुन्हा खोटे बोलायला लागतो. किल्ली पुन्हा त्याच्याकडे जाणार नाही, खरे तर कोणाकडेच जाणार नाही, हे सगळ्यांना एकाच वेळी सांगा, म्हणजे ती त्याच्या एकट्याची शिक्षा उरणार नाही.

सध्या शेडमध्ये येणाऱ्या तिघांना याबाबत तुम्ही काही विचारले का? पत्रावरून तसे दिसत नाही. हा निर्णय तुम्ही, पत्नी आणि मुलगा यांच्यात अडकला आहे, आणि ज्यांच्या शेजारी तो मुलगा उभा राहणार त्यांचे मत कोणाला सुचलेलेच नाही. त्यांच्यापैकी एखाद्यासाठी नुकत्याच घसरलेल्या मित्राचा सहवास धोक्याचा असू शकतो. एखाद्याला उलट, घसरून परत येता येते हे पाहणे गरजेचे असू शकते. विचारल्याशिवाय कळणार नाही.

तुमच्या पत्नीचे म्हणणे मी मुलाच्या म्हणण्यापेक्षा अधिक गंभीरपणे घेते. मुलाला नुकसानीचा आणि वेळेचा हिशेब दिसतो, तो रास्तच आहे. पण शेड घरामागे आहे, तेथे कोण येते-जाते हे तीन वर्षे त्या पाहत आहेत, चौदा जणांना चहा त्यांनी दिला आहे, आणि हे काम सुरू करताना त्यांना विचारले होते की सांगितले होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. शेड बंद करणे हाही सन्मानाचा पर्याय आहे. तीन वर्षे शिकवून थांबलेला माणूस हरलेला नसतो. मात्र बंद करायची असेल तर शिकत असलेल्या तिघांना दोन-तीन महिन्यांची मुदत द्या आणि तोवर त्यांची पुढची सोय पाहा. आठवी उत्तीर्ण असणाऱ्याला आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो.

चालू ठेवायची असेल तर पूर्वीसारखी नको. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राशी लेखी बोलणी करा : येणाऱ्याची निवड आणि पाठपुरावा त्यांनी करायचा, तुम्ही फक्त लाकूड शिकवायचे. कोणी सलग दोन दिवस आला नाही तर तुम्ही त्याच्या घरी धावत जायचे नाही, केंद्राला कळवायचे. आठवड्यातून एक सकाळ हत्यारे बंद ठेवून केंद्राच्या समुपदेशकाला किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडलेल्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेच्या स्थानिक समूहातील जुन्या सदस्याला शेडमध्ये बोलवा. हत्यारांना कुलपाचे कपाट आणि भिंतीवर प्रत्येक हत्याराची रेखाटलेली जागा असावी, म्हणजे संध्याकाळी काय कमी आहे ते कोणावर संशय न घेता नजरेला दिसते. आणि शिकण्याच्या तिसऱ्या महिन्यापासून विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर थोडी मजुरी द्या. ती रोख हातात न देता बँकेत जमा करा, निदान पहिले सहा महिने.

रोजगाराविषयी तुमची आणखी एक समजूत तपासून पाहावीशी वाटते. शिकून झालेल्यांना तुम्ही पुण्याच्या साइटवर ठेकेदाराकडे पाठवता. कामाच्या दृष्टीने ते बरोबर असेल, कारण पैसा तेथेच आहे. पण साइटवर माणसे तेथेच राहतात, घरापासून लांब, आणि पगाराच्या संध्याकाळी काय चालते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे. जे पाच जण मध्येच सोडून गेले, त्यांतील दोघे साइटवरूनच बेपत्ता झाले असे तुम्हीच लिहिता. पहिले वर्षभर तरी गावातलीच कामे पाहा : खिडक्या-दारांची दुरुस्ती, शाळेची बाके, खाटा, पाट, देव्हारे. यात पैसा कमी मिळतो, पण माणूस रात्री घरी जेवतो. पुढे स्वतंत्र काम करू लागलेल्याला २०२३मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार म्हणून नोंदणी करता येईल; तीत थोड्या दिवसांचे प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांचे व्हाउचर यांची तरतूद आहे. त्याच योजनेत पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत बिनतारण कर्जही मिळते. त्याची घाई मात्र करू देऊ नका. नुकत्याच सावरलेल्या माणसाच्या खात्यावर एकदम लाखभर रुपये येणे ही मला शेडच्या किल्लीसारखीच गोष्ट वाटते.

राहिला तो देव्हारा. तुम्ही विचारले आहे की तो दुसऱ्या कोणाकडून पुरा करून घ्यावा का. गिऱ्हाइकाला घाई असेल तर त्याच्यासाठी तुम्ही स्वतः नवा करून द्या, आणि घाई नसेल तर उशीर होईल असे कळवा. अर्धवट देव्हारा कपाटावर ठेवा, त्यावर धूळ बसू नये म्हणून कापड टाका, आणि तो मुलगा उपचारांनंतर बोलायला येईल तेव्हा त्याच्यासमोर खाली काढून, कोणकोणती कामे राहिली आहेत ते त्यालाच लिहून काढायला सांगा.